आधी पोरं जेवू देत

माझ्या बापाच्या रक्ताची नळी मशिनमधून फिरवून बाहेर काढली आणि मला ओकारी आली. मी लॅबमध्ये काम करते. रक्त, लघवी, थुंकी, कशाचीच मला किळस येत नाही. येत असती तर ही नोकरी कधीच सुटली असती. नळी फिरवली की तांबडं खाली बसतं आणि वर पिवळसर, नितळ पाणी राहतं. आबांच्या नळीत तसं काही राहिलंच नव्हतं. वर घट्ट, पांढरं काहीतरी साचलं होतं. रात्रीचा पांढरा रस्सा सकाळी फ्रीजमधून काढला की वर जो थर दिसतो, तसं. शेजारच्या टेबलावरची पोरगी वाकून बघत म्हणाली, "मॅडम, ह्यो पेशंट सलाईनमधनं दूध चढवून आलाय काय?" हा पेशंट माझा बाप आहे, हे मी तिला सांगितलं नाही.

आबा म्हणजे सयाजी वस्ताद. शिवाजी पेठेतल्या तालमीत निम्म्या पेठेला ज्यांनी मातीत लोळवून उभं केलं, ते. पस्तिशीत गुडघा गेला आणि त्यांची कुस्ती सुटली. खुराक मात्र सुटला नाही. सकाळी म्हशीखाली चरवी धरून प्यायलेलं धारोष्ण दूध, मग बदामाची थंडाई, दुपारी भाकरीवर वाटीनं तूप आणि आठवड्यातले चार दिवस मटण. जोर-बैठका बंद आणि ताट तेच. अंग सुटत गेलं तशी पेठ म्हणायची, वस्तादांनी काय अंग धरलंय! आमच्याकडं माणूस फुगला की त्याची तब्येत झाली म्हणतात, आणि वाळला की त्याला काहीतरी झालंय म्हणतात. या अकलेचा मला लहानपणापासून राग आहे.

मग आबा विसरायला लागले. आधी तालमीतल्या पोरांची नावं गेली, मग डाव, मग घरचा रस्ता. आई वारली हेही गेलं. रोज विचारायचे, विठा बाजारातनं आली का. शेवटी शेवटी तर आपण जेवलो, हेही त्यांच्या डोक्यात टिकेना. हात धुऊन ओले असतानाच विचारायचे, "आज जेवाणबिवाण हाय का न्हाय?"

डॉक्टर शाहिस्ता मुल्लाणी मेंदूची डॉक्टर. तिनं त्या आजाराचं नाव सांगितलं, अल्झायमर. मग तिनं पांढऱ्या नळीचा रिपोर्ट बघितला. म्हणाली, "ताई, मेंदू साखरेवर चालतो. नळीतलं पांढरं ती चरबी. यांच्या रक्तात साखरही तुडुंब आहे, पण मेंदूला ती नीट उचलता येत नाही. कणगी भरलेली आणि घरातलं माणूस उपाशी, तसं समजा. पोट भरलं हा निरोपही आता वर पोचत नाही."

"म्हंजे खाऊन खाऊनच हे झालं?"

"तसं मी लिहून देणार नाही. पण चाळिशी-पन्नाशीतली चरबी आणि साखर या आजाराचा धोका वाढवते, एवढं नक्की. आता यांचं खाणं आवरा. साखर, वजन ताब्यात आलं तर जे शिल्लक आहे ते जरा जास्त दिवस टिकेल." मग तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. मीही काही काटकी नाही. "तुमचं वय काय? स्वतःचं रक्त कधी तपासलंय का?"

"बघतो," मी म्हटलं. कोल्हापुरात बाईसुद्धा बघतोच म्हणते, आणि बहुतेक वेळा बघत नाही.

शिल्लक काय होतं, ते मला नेमकं ठाऊक होतं. मी दारात दिसले की आबा अजून "क्रांते" अशी हाक मारायचे. बाकी सगळं वाहून गेलं तरी चालेल, तेवढी हाक राहिली पाहिजे, असं माझं ठरलं.

आबा तेव्हा माझ्या धाकट्या भावाकडं, पृथ्वीराजकडं असायचे. जोतिबाच्या रस्त्यावर त्याचं मटणाचं हॉटेल. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं पथ्य त्याला फोनवर दोनदा समजावलं. तो "व्हय आक्का, व्हय आक्का" म्हणाला. रविवारी मी स्वतःच बघायला गेले.

हॉटेलला नाव आबांचं, फ्लेक्सवर फोटो आबांचा, आणि दारातल्या पहिल्या टेबलावर खुद्द आबा. डोक्याला फेटा, गळ्यात झेंडूचा हार, समोर परातीएवढी थाळी. वर पाटी लावलेली, 'वस्तादांशी जोड लावा'. वस्तादांच्या आधी थाळी संपवली की थाळी फुकट. जिंकणार कोण? आबांना पोट भरल्याचं कळतच नव्हतं. एक गडी हरून उठायचा, दुसरा बसायचा, आणि आबांच्या पुढ्यात नवी परात यायची. तिच्याकडं ते अशा आशेनं बघायचे, की जणू सकाळपासून पोटात अन्नाचा कणच नाही.

माझ्या भावानं बापाचा विसर विकायला काढला होता. एवढं नीच मी जन्मात काही बघितलं नव्हतं, आणि बघणाऱ्यांची तर रांग लागलेली.

मी पोचले तेव्हा बाहेरगावची चार-पाच तरणी पोरं मोबाइल उगारून उभी होती. एकानं नळीचं हाडूक आबांच्या तोंडात कोंबलं. "ओढा वस्ताद, ओढा!" आबा ओढत होते. मिशीवरनं तांबडं तेल ओघळून हनुवटीवर, तिथनं हारावर पडत होतं. झेंडूची फुलं तेलानं काळी पडलेली. बोटांच्या बेचक्यांत चरबी थिजून पांढरी झाली होती. मग त्यांना मोठी उचकी आली आणि तोंडातलं बरंचसं परत परातीत आलं. पोरं "ई" करून मागं सरली, पण मोबाइल एकानंही खाली केला नाही. वेटरनं परात उचलली, टेबलावरनं फडकं मारलं. आबांनी त्या ओल्या टेबलाकडं बघितलं आणि विचारलं, "जेवाण कवा हाय रं?"

सगळे हसले. पृथ्वीराजही हसला, आणि वेटरला म्हणाला, "आण."

"पृथ्या!" मी ओरडले. "बापाला ओकंस्तोवर खायला घालालाईस? लाज हाय का न्हाय?"

"आक्का, गिऱ्हाइकापुढं तमाशा करू नगंस."

"तमाशा मी करालोय?"

"खातंय की माणूस! मागतंय म्हणून देतोय. तू काय उपाशी मारणार हाईस त्यास्नी? बघ की, लोकं पाया पडत्यात." एक पोरगा खरंच आबांच्या पाया पडत होता, आणि दुसरा त्याचा व्हिडिओ काढत होता.

नवी परात आली. मी ती ओढून घ्यायला गेले तर आबांनी माझं मनगट धरलं. ती पकड अजून तीच होती. डोळ्यांत ओळख नव्हती, नुसता जाळ होता. "ताटाला हात लावतीस?" ते गुरगुरले. हाड मोडतंय की काय असं मला वाटलं.

"आबा, उठा!" मी किंचाळले. "आज कुस्ती हाय!"

ते माझ्या तोंडून कसं आलं, कुणास ठाऊक. लहानपणी मी डबा घेऊन तालमीच्या उंबऱ्याशी उभी राहायची. पोरींना आत घेत नसत. आतनं आबांचा आवाज यायचा, कुणातरी नव्या पोरावर खेकसल्याचा, की लंगोट लावल्यावर खायचं न्हाय म्हणून सांगितलंय न्हवं. तो आवाज माझ्यात कुठंतरी बसून राहिला असेल.

आबांची मूठ सुटली. तोंडातला घास त्यांनी तळहातावर काढला आणि परातीच्या कडेला ठेवला. पाठ ताठ झाली. "कुणासंगं?"

"बेळगावच्या पैलवानासंगं."

"मग ह्ये ताट कुणी वाढलं?" ते पृथ्वीराजकडं वळले. "लंगोट लावल्यावर खायचं नसतंय, कळत न्हाय भाड्या?" आणि ते उठले. गळ्यातला तेलकट हार त्यांनी काढून टेबलावर टाकला, नि माझ्या मागोमाग रिक्षात येऊन बसले. पाटीखाली पृथ्वीराज तोंड उघडं टाकून उभा राहिला. मला फार बरं वाटलं.

शिवाजी पेठेतल्या माझ्या दोन खोल्यांत आबा आले आणि त्यांच्यामागनं सगळी पेठ आली. रिकाम्या हातानं कोणी आलं तर शपथ. शेजारच्या अंबूबाई तुपात बुडवलेली पोळी घेऊन यायच्या. जुने पठ्ठे अंडी, पेढे, बदाम आणायचे. आबांचे जुने जोडीदार गौसचाचा अजून दोन म्हशी राखून होते. ते रोज सकाळी फेसाळ दुधाची चरवी घेऊन उंबऱ्यात उभे राहायचे.

"चाचा, दूध नगं. डॉक्टरनं सांगितलंय."

"क्रांते, वस्ताद हाय त्यो! नाचणीचं आंबील पाजतीस त्याला? घर हाय का दवाखाना?" त्यांच्या डोळ्यांत पाणी असायचं, आणि मला त्या पाण्याचाही संताप यायचा. या लोकांचं प्रेम तुपातनंच वाहतं. माणूस ओळखेनासा झाला, त्याच्याशेजारी घटकाभर बसावं, हात धरावा, जुन्या गोष्टी सांगाव्यात, ते यांना जमत नाही. काय बोलावं सुचेना की तोंडात घास कोंबायचा. आबा दारात येऊन "मला जेवायला घालत न्हाय ही" म्हणून गल्लीला सांगायचे, आणि गल्लीला ते खरं वाटायचं. मागनं कुजबुज ऐकू यायची, पोरगी बापाला वाळवालीय.

माझ्याजवळ एकच औषध होतं. कोणी काही पुढं केलं की मी म्हणायची, "आबा, आज कुस्ती हाय." आबा लगेच हात मागं घ्यायचे. जेवणाच्या वेळी म्हणायची, "कुस्तीला येळ हाय, हलकं खाऊन घ्या." मग ते निमूट एक भाकरी, पालेभाजी, वाटीभर मुगाचं वरण खायचे आणि ताट सारायचे. संध्याकाळी अंगणात फेऱ्या मारायचे, मांडीवर शड्डू ठोकायचे. सगळं विसरलेल्या माणसाला मी रोज, दिवसातनं कितीदा तरी, हे एकच वाक्य शिकवत होते.

दिवाळीपर्यंत आबांचं पोट उतरलं. साखर उतरली. त्यांची नळी मी मशिनमधून काढली तर वरचं पाणी मधासारखं नितळ. ती नळी मी उजेडाला धरून सगळ्या लॅबला दाखवली, आणि या खेपेला हा माझा बाप आहे, हेही सांगितलं. घरी गेले तर दारातनंच हाक आली, "क्रांते, आलीस व्हय?" मी जिंकले होते. पृथ्वीराजनं तिकडं हॉटेलच्या दारात आबांचा फायबरचा पुतळा बसवला होता, हातात नळीचं हाडूक धरलेला. लोक आता त्याच्याबरोबर फोटो काढत होते. तो मला फोनवर सांगताना खूश होता. मी म्हटलं, त्यालाच खायला घाल आता.

पण वजन उतरायचं थांबेना. खांद्याची हाडं वर आली. मांड्यांची कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबायला लागली. मी दुसरी भाकरी वाढली, वरनं तूप घातलं, तरी अंगाला काही लागत नव्हतं. मी त्यांना परत डॉक्टर शाहिस्ताकडं घेऊन गेले.

तिनं त्यांचा दंड चाचपला. "हे पथ्यामुळं नाही, ताई. आजार पुढं गेलाय. आता हे शरीर असंच झिजत जाणार. या टप्प्यावर वजन जाणं वाईट. पथ्य सोडून द्या. गोड, तेलकट, तुपकट, जे खातील ते, जितकं खातील तितकं घाला."

"तुमीच म्हणाला होतासा की आवरा म्हणून."

"तेव्हा ते बरोबर होतं. आता हे बरोबर आहे."

"म्हंजे आता पेठेचं खरं, आणि माझं खोटं?"

हा कसला घाणेरडा आजार आहे, मला वाटलं. आधी माणसाला अधाशी करतो, लोकांपुढं ओकायला लावतो, आणि घरच्यांनी घास आवरायला शिकावं तोवर त्यालाच आतनं खायला लागतो.

त्या दिवशी मी शिरा केला. तूप सुटेपर्यंत भाजला. ताट आबांपुढं ठेवलं. आबांनी ते एका बोटानं मागं सारलं. "कुस्ती हाय."

"न्हाय आबा, आज कुस्ती न्हाय."

"खोटं बोलू नगंस. कुस्ती हाय."

त्यांच्या डोक्यातनं आई गेली, पोरं गेली, नावं गेली, डाव गेले. मी घोटून घेतलेलं हे तेवढं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ते भाकरीलाही शिवेनात. हलकं खावा म्हटलं तरी नाही. गौसचाचांचं दूध मी स्वतः जाऊन मागून आणलं. आबांनी चरवी बघून तोंड फिरवलं. चाचा भिंतीला टेकून खाली बसले.

शेवटी मी पृथ्वीराजला फोन केला. तो हॉटेलातनं मोठा डबा घेऊन आला. "आलीस न्हवं वळणावर? तवा म्हणत हुतो मी..." एवढं म्हणून तो आत आला आणि त्यानं आबांना बघितलं. खाटेवर हाडं होती आणि मिशा होत्या. तो डबा छातीशी धरूनच रडायला लागला, नाक गळंस्तोवर. मला त्याच्या रडण्याचीही किळस आली, आणि ती आली म्हणून माझी स्वतःचीही.

डबा उघडला. तोच वास, तेच तांबडं तेल. मला हॉटेलातली ती परात आठवली. मी नाकानं श्वास घेणं बंद केलं, कपाटातनं आबांचा जुना फेटा काढला आणि त्यांच्या डोक्याला गुंडाळला.

"आबा, कुस्ती झाली. जिंकलासा तुमी."

त्यांनी फेट्याला हात लावून बघितला. मग सुरकुत्यांतनं हसू वर आलं. "चीतपट?"

"चीतपट."

मी घास त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी माझा हात धरून अडवला. आता त्या पकडीत काही उरलं नव्हतं. "पोरं जेवली का?"

"जेवली, आबा."

"कुठं जेवली? मला दिसली न्हाईत. आदी पोरं जेवू देत." मग त्यांनी तो घास माझ्या हातासकट वळवला आणि माझ्या तोंडाशी आणला. "खा, पठ्ठ्या."

वस्ताद कधी पोरांच्या आधी जेवत नसत, हेही मी त्या उंबऱ्यावर उभी राहून बघितलं होतं. आता मला आत घेतलं होतं. मी तोंड उघडलं. चरबीचा तुकडा जिभेवर विरघळला, आणि पोटातनं जे वर आलं ते मी परत गिळलं. मी गिळलेलं बघून आबांनी दुसरा घास स्वतः खाल्ला. पृथ्वीराज हुंदका देऊन म्हणाला, "खाल्लं गं, आक्का!"

तेव्हापासून हे असंच चाललंय. सकाळी शिरा, दुपारी मटण, रात्री तूपभाकरी. मी खाल्ल्याशिवाय ते खात नाहीत, आणि मी खाल्लेलं त्यांच्या डोक्यात दोन घासही टिकत नाही. तोंड नुसतं हलवून बघितलं. ते माझा गळा बघतात. वस्तादाला फसवता येत नाही. पेठ आता माझ्यावर खूश आहे. अंबूबाई परवा माझ्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "क्रांते, आता कशी तब्येत झाली बघ तुजी!" त्यांच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

आज दुपारी लॅबमध्ये कोणी नव्हतं, तेव्हा मी माझ्याच हातात सुई खुपसली. नळी फिरवून बाहेर काढली. ती मी उजेडाला धरलीच नाही. वर साचलेलं पांढरं तसंही दिसत होतं. नळी कचऱ्याच्या डब्यात टाकली, हात धुतले आणि घरी आले.

आबा खाटेवर बसले होते. मी दारात दिसले तरी हाक आली नाही. ती बंद होऊन बरेच दिवस झाले. पृथ्वीराजनं पाठवलेला डबा मी ताटात ओतला, त्यांच्या डोक्याला फेटा गुंडाळला. "कुस्ती झाली आबा, जिंकलासा."

"पोरं जेवली का?"

मी घास घेतला. चावला. आता ओकारीसुद्धा येत नाही, त्याचीच मला सगळ्यात जास्त किळस येते. गिळून त्यांना गळा दाखवला. "जेवलो, आबा."

त्यांनी एक घास खाल्ला. सावकाश चावून गिळला. दुसरा उचलला आणि तो तसाच हातात धरून ते थांबले. माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत ओळख नव्हती, पण माया होती, तालमीतल्या एखाद्या नव्या, उपाशी पोरावर करावी तशी.

"पठ्ठ्या," ते म्हणाले, "तू जेवलास का न्हाय?"

मी ताट माझ्याकडं ओढलं.